फोनवर मागवलेली घोडी

चकलांब्याजवळची वस्ती,
ता. गेवराई.
मार्गशीर्षातला गुरुवार, दुपार.

चिरंजीव अजिनाथ यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुला चिरंजीव म्हणावं की 'श्रीमान मंडपवाले' म्हणावं, यावर मी थोडा वेळ पेन हातात धरून बसले होते. केजच्या बसस्टँडसमोर 'मंडप, बँड, घोडी व जनरेटर मिळेल' अशी तुझी पाटी लागली आहे आणि पाटीवरचा तुझा फोटो घोडीच्या फोटोपेक्षा मोठा आहे, असं ऐकते. पण लहानपणी तुझं नाक मी माझ्या परकराला पुसलं आहे, तेव्हा चिरंजीवच बरं. इकडे आमचं क्षेमकुशल आहे. तुझ्या सुनिताची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, कळशी उचलताना वाकू नकोस, बसून उचल. तुझ्या पिपाणीवाल्याचा ओठ सुजला होता तो उतरला का? आणि तुझं पोट? लग्नसराईत रोज नव्या घरचं तेल तुझ्या पोटात जातं, ओवा चावत जा. भाऊबीजेला तू आला नाहीस, मांडव घालायचा होता म्हणालास, मी मुळीच रागावले नाही. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं मी अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळलं. (तो तुझ्यापेक्षा वेळेवर आला, पण ताटात काही घालत नाही.) आज गुरुवारचा उपास आहे, स्वतःपुरतं काही रांधायचं नाही, हाताला वेळ आहे, म्हणून पत्र जरा लांबेल.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. बाबा रे, फोनवरचा माझा विश्वास उडाला आहे. फोनमुळे काय झालं ते तुझ्या पुढ्यात आहे. म्हणजे खरं तर माझ्या पुढ्यात आहे, आणि आत्ता माझ्या पदराचं टोक चघळते आहे. परवा तू फोनवर म्हणालास, येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, बिजलीला माळेगावच्या जत्रेला न्यायचंय, तिथं घोड्यांचा बाजार भरतो, गिऱ्हाईक मिळालं की विकून टाकू. मी 'बरं' म्हणाले. फोनवर माणूस बरंच म्हणतो, दुसरं सुचायच्या आत फोन ठेवला जातो. पण नंतर मनात आलं, गिऱ्हाइकाला जनावराची खरी माहिती द्यायला पाहिजे, नाहीतर उद्या तुझ्या पाटीला लोक शेण मारतील. म्हणून हे पत्र. यात माझा काही स्वार्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मुळात काय झालं ते एकदा कागदावर उतरवू दे, म्हणजे पुढेमागे कोणी मला दोष देणार नाही. आमच्या अंगणवाडीची रस्त्याकडची भिंत रंगवायची होती. हाताला येईल तेवढं मी आणि चंद्रभागाबाईंनी (आमच्या मदतनीस, खिचडी त्यांची, गाणी माझी) रंगवून घेतलं. वर आभाळ काढायचं होतं, तिथे हात पोचेना. रंगारी ज्याच्यावर उभे राहतात ती चार पायांची, घडीची, लाकडी घोडी तुझ्या मंडपाच्या सामानात असते, हे मला ठाऊक. म्हणून तुला फोन लावला. तुझ्या मागे बँड वाजत होता, माझ्या मागे सोयाबीनची मळणी चालली होती. मी म्हणाले, अंगणवाडीला घोडी पाहिजे, चार दिवस. तू म्हणालास, कसली पाठवू? मी म्हणाले, जागची हलत नाही अशी. तू म्हणालास, 'तशी एकच हाय.' मी म्हणाले, फार उंच नको, मला चढता आलं पाहिजे. तू विचारलंस, 'तू चढणार हाईस?' मी म्हणाले, मग काय चंद्रभागाबाईंना चढवू? पाय तेवढे भक्कम बघ, तुझ्या घरभरणीला पाहिली तेव्हा एक पाय डुगडुगत होता. तू म्हणालास, नाल मारलाय. बँडच्या आवाजात मला 'खिळा मारलाय' असं ऐकू आलं. झालं, बहीणभावाचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना गोल बसवून गाणं म्हणत होते, तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. चंद्रभागाबाई निळ्या रंगाचा डबा घेऊन लगबगीनं पुढे गेल्या, आणि तशाच उलट पावली परत आल्या. म्हणाल्या, 'बाई, घोडी आलीय, पर हिला शेपूट हाय.' मी बाहेर जाईपर्यंत टेम्पोवाला दोरी लिंबाला बांधून निघून गेला होता. तुला फोन केला तर तू म्हणालास, अगं, मला वाटलं बालदिनाची फेरी काढायची असंल. राहू दे आता तिकडंच, जत्रेपर्यंत हिला इथं काम न्हाई. काम का नाही, हे तू त्या दिवशी सांगितलं नाहीस. सुनितानं सांगितलं. बिजली नाचत नाही. बँड वाजला की डोळे अर्धे मिटते आणि तिच्या मनाला येईल तिकडे चालू लागते. गेल्या उन्हाळ्यात तिनं एका नवरदेवाला भलत्याच मांडवात नेऊन उभं केलं म्हणे, आणि तिथल्या लोकांनी त्याचे पायसुद्धा धुतले. शिवाय ती इतकी बुटकी की उंच नवरदेव बसला तर त्याचे बूट रस्त्याला घासतात. (घोडी कसली, तट्टूच ते. पाटीवरचा फोटो तू जवळून काढला असणार.)

आणि बिजली हे नाव तिला कोणी दिलं? तिला पाहून मला वीज आठवत नाही, वीज जाते ती वेळ आठवते. दुपारच्या वेळी पंखा हळूहळू थांबतो, सगळीकडे गप्प होतं, लांब कुठेतरी होला घुमत असतो, तशी ती उभी असते. अंगानं पांढरी, पापण्या लांब, खालचा ओठ सैल सोडलेला. तिच्या डोळ्यांत बघितलं की अंगण दिसतं, लिंब दिसतो, आणि आपण फार लहान दिसतो. मुलांनी तिचं नाव दोन दिवसांत बदललं. आता तिला घोडीबाई म्हणतात. म्हणजे अंगणवाडीत तीन बाया झाल्या, आणि तिघींत मुलं ऐकतात ती फक्त तिचं.

तिला सांभाळायचं कसं, हे इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. तुझ्या दाजींना बैलांचं सगळं कळतं, म्हणून त्यांनी तिला बैल समजून कामाला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सरकीची पेंड पुढे ठेवली. तिनं हुंगली आणि दाजींकडे असं बघितलं की ते पाटी उचलून गुपचूप मागे फिरले. मग चालायला लावताना बैलाला करतात तसं च्यक् च्यक् केलं, शेपटी पिरगाळायला गेले, तर तिनं एक पाय सहज उचलून त्यांच्या धोतरावरून फिरवला. लागलं नाही, पण त्या दिवसापासून दाजी तिच्याशी बाजूनं बोलतात. 'दुसऱ्याचं जनावर, चार दिसाचं, कावून जीव लावता?' असं मला रोज ऐकवतात. शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चारा थोडा थोडा पण सारखा द्या, पाणी स्वच्छ ठेवा, रोज खरारा करा, खुरातली माती काढा. आणि एकटं ठेवू नका, घोड्याला एकट्याला करमत नाही.

करमत नाही! अजिनाथ, तुला आमची वस्ती दिवाळीनंतर कशी दिसते ते माहीत आहे. अंगणातल्या पणत्या अजून उचललेल्या नसतात, तोच ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडी चढतात, गोधड्या चढतात, कोंबड्या चढतात, आणि ऊसतोडीला जाणारी माणसं चढतात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांची लेकरं मागे राहतात. तीच माझी अंगणवाडी. त्या आठवड्यात मी दरवर्षी गाणी मोठ्यानं म्हणते, आणि दरवर्षी मधेच माझाच आवाज बसतो. मुलं रडून रडून दाराच्या चौकटीला टेकतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. डॉक्टर घोडीला करमत नाही म्हणाले, तेव्हा मला वाटलं, बरोबर जागी आलीस गं बाई. इथे कोणालाच करमत नाही.

मग आम्ही तिला करमवायला लागलो. मुलांना मी सांगितलं, घोडीबाई पाहुणी आहे, तिला आपल्या गावात कोणी ओळखीचं नाही, तुम्हीच बघा. झालं, चौकटीला टेकलेली पोरं उठली. सकाळी आल्याबरोबर आधी खरारा. ज्याचा हात पोटापर्यंत पोचतो तो पोटाला, ज्याचा गुडघ्यापर्यंत तो गुडघ्याला. आयाळीच्या वेण्या घालायला मुलींची इतकी गर्दी की मी आळीपाळी लावून दिली. (एकदा एका पोरानं हट्टानं वेणी घातली, ती अजून सुटलेली नाही. गिऱ्हाइकाला सांग, आयाळीत उजवीकडे एक गाठ आहे.) गाजर तळहात सपाट करून द्यायचं, बोटं आत घ्यायची नाहीत, हे शिकल्यापासून पोरं मलाही खडू तसाच सपाट हातावर देतात. खुरातली माती काढायचं काम चंद्रभागाबाईंचं. एक पाय त्या मांडीवर घेतात आणि मुलं बाजूला बसून 'माती निघाली, खडा निघाला' असं मोठ्यानं ओरडतात. तिच्या मागे उभं राहायचं नाही, हे एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. माझ्या मागे मात्र अजून सगळी उभी असतात.

आता जी गोष्ट सांगते ती सुनिताला वाचून दाखवू नकोस, तिला ती घोडी स्वच्छ आवडते. भिंत अर्धी राहिली होती, मुळाक्षरं काढायला जागा नव्हती, आणि समोर पांढरीशुभ्र, जागची न हलणारी जागा उभी होती. एका पोरानं गेरूचं बोट तिच्या पोटाला लावलं. मी ओरडणार होते, तेवढ्यात बिजलीनं डोळे मिटले आणि मान खाली सोडली. तिला आवडलं रे. ओलं बोट अंगावरून हळू फिरतं, ते तिला गोंजारल्यासारखंच वाटत असणार. तेव्हापासून डाव्या बाजूला अक्षरं, उजव्या बाजूला आकडे. 'ग' गमभनचा काढला की तिची कातडी तिथं थरथरते आणि पोरं हसून लोळतात. सुट्टी व्हायच्या आधी सगळी मिळून तिला कोमट पाण्यानं धुतात. तरी पोटाखाली एक 'ढ' राहिला आहे, तो निघत नाही. बाजारात घोडीच्या अंगावरच्या खुणा फार बारकाईनं बघतात म्हणे. 'ढ' ही खूण शुभ की अशुभ, ते तू विचारून ठेव.

पण खरं काम दुपारचं. खिचडी खाऊन मुलं लिंबाखाली पडतात, बिजली उभ्या उभ्या झोपते. तुरीची फुलं वाऱ्यावर पिवळी हलत असतात, कापसाच्या झाडांवर राहिलेला कापूस उन्हात चमकत असतो, आणि तिचा ओठ झोपेत हळूच हलतो. एकदा मी सहज म्हणाले, घोडीबाईला काय स्वप्न पडलं असेल, सांगा बघू. मला वाटलं, गवत म्हणतील, गाजर म्हणतील. तर आरोही (वस्तीवरच्या आश्रुबाची नात, पाच वर्षांची, आईबाप दोघं तोडीला गेलेत) तिच्याकडे बघत म्हणाली, 'तिला सपान न्हाई पडलं. ती दमलीय. रातच्याला माझ्या मायकडं गेलती.' मग तिच्या शेजारी पडलेली संस्कृती म्हणाली, 'माझ्या बी?' आरोही म्हणाली, 'सगळ्यांच्या. म्हणून तर दिसभर झोपती.'

अजिनाथ, मी अंगणवाडीची बाई आहे, मला ऐंशी प्रकारच्या कृती शिकवल्यात प्रशिक्षणात, पण त्यातली एकही इथे बसत नव्हती. मी आपली तिची माशी हाकलत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, बिजलीच्या दावणीत उसाचं हिरवं वाढं पडलेलं. दाजींनी शेजारच्या आप्पारावांच्या उसातून आमच्या म्हशीला शेंडे आणले होते, त्यातलं एक इकडे आलं, एवढंच. पण पोरांनी ते पान पाहिलं. एकेकानं ते हातात घेतलं, हुंगलं आणि पुढच्याला दिलं. आरोहीनं ते गालाला लावलं, आणि मग जाऊन अगदी नेहमीसारखी खेळायला लागली. त्या दिवशी कोणी चौकटीला टेकलं नाही. रोज दुपारी आता बिजली कुठे गेली होती ते मुलं सांगतात. कोणाच्या आईनं तिला भाकरी दिली, कोणाच्या बापानं मोळीवर बसवून फिरवलं, कोणाच्या पाचटाच्या कोपीपुढे बाळ झोपलं होतं म्हणून ती पाय न वाजवता आली. मी ऐकते आणि मला इथून ऊस दिसतो, चुली दिसतात, धुकं दिसतं. मी कधी गेले नाही तिकडे, पण आता मला रस्ता माहीत झाल्यासारखा वाटतो.

आता निळ्या रेघेचं सांगते, कारण ते तुझ्या कानावर वाकडंतिकडं होऊन आलंच असेल. एक दिवस माझ्या मनात आलं, घोडी आलीच आहे तर घोडीचं काम करून घेऊ. निळा डबा गळ्यात अडकवला, चंद्रभागाबाईंनी खालून जोर दिला आणि मी बिजलीवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसले. हात बरोबर वर पोचला! आणि ती खरंच जागची हलली नाही. फोनवर तू एक शब्द खोटा बोलला नव्हतास, हे मला तेव्हा पटलं. मी पसाभर आभाळ रंगवलं असेल-नसेल, तोच मागून आप्पारावांच्या पुतण्याचा परण्या आला. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो तुझ्याच धंद्याचा भाग आहे, तुला काय सांगायचं. नवरदेव बिचारा सजवलेल्या जीपमध्ये उभा. बँडनं सूर धरला, आणि माझ्या खालचं अंग हळूच हललं. मला वाटलं, श्वास घेतला असेल. तर बाईसाहेब डोळे मिटून मारुतीच्या वाटेला लागल्या.

माझ्या एका हातात आयाळ, दुसऱ्या हातात ब्रश, आणि ब्रश भिंतीला टेकलेला. उचलावा एवढं सुचायला मनात जागा लागते, ती नव्हती. अंगणवाडीची भिंत संपली, जीवनच्या किराणा दुकानाची आली, ती संपून पिठाची गिरणी आली, तरी निळी रेघ चाललीच होती. पुढे मी, मागे बँड, त्याच्या मागे जीपमधला नवरदेव, आणि बाजूनं माझी सगळी अंगणवाडी टाळ्या वाजवत. मारुतीपुढे जाऊन बिजली थांबली. नवरदेवाच्या आत्याला, भिवराबाईंना, डोळ्यांनी कमी दिसतं. घोडी दिसली, वर कोणीतरी दिसलं, त्यांनी मला ओवाळलं, कुंकू लावलं आणि माझ्या ओटीत नारळ घातला. बिजली नारळ फुटल्याशिवाय हलत नाही, तू तिला तशी सवय लावून ठेवली आहेस. शेवटी नवरदेवानं खाली उतरून माझ्या ओटीतला नारळ घेतला आणि फोडला. दाजी पारावर बसलेले होते. चार माणसांत म्हणाले, 'लगीन कुठं हाय मग? आमाला बी सांगा, येऊ की.' घरी आल्यावर तीन वेळा हसले, आणि तिन्ही वेळा माझ्याकडे पाठ करून.

मी दुसऱ्या दिवशी चुना घेऊन रेघ पुसायला निघाले. जीवन म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या बाई, दुकान चांगलं दिसतंय.' आणि पोरं तर आडवीच झाली. ती रेघ म्हणजे नदी, असं ठरलं होतं. आता तिच्यात मासे आहेत, कडेला ऊस आहे, कोणाची माय आहे. ज्यांचा हात पोचत नव्हता त्यांना मी बिजलीवर बसवलं आणि त्यांनी वरून ढग काढले. सकाळी येताना मुलं त्या रेघेखालून भिंतीला बोट लावत येतात. आरोही म्हणते, घोडीबाई रात्री ह्याच नदीच्या कडंनं जाती. मी विचारलं, नदी तर मारुतीपाशी संपते, मग? 'पुढचं तिला ठाव हाय', म्हणाली, आणि तिला माझी कीव आल्यासारखं बघितलं.

तर असा सगळा प्रकार आहे. नाचत नाही, दुपारी झोपते, अंगावर 'ढ' आहे, आयाळीत गाठ आहे, कुठलाही बँड वाजला की मारुतीला जाते. गिऱ्हाइकाला हे सगळं खरं खरं सांग, आणि इतकं ऐकूनही तो घेतो म्हणाला तर त्या माणसापासून जरा जपून राहा. बाकी निर्णय तुझा. जनावर तुझं, धंदा तुझा, मी थोरली असले तरी मधे पडणारी नाही. सुनिताला आशीर्वाद. पिपाणीवाल्याला हळद लावायला सांग.

तुझी ताई,
सत्यभामा

ता. क. रविवारी ये, जरूर ये, पुरणपोळी करते. फक्त येताना टेम्पोनं येऊ नकोस, एसटीनं ये. तुझ्या लक्षात आहे ना, भाऊबीजेच्या दिवशी फोनवर म्हणाला होतास, ताई, ओवाळणी राहिली, मागशील ते देतो? ताट अजून मी उचलून ठेवलेलं नाही. चंद्रानं काही घातलं नाही, तू घाल. मला बिजली पाहिजे.

ता. क. दुसरा. दाजींना यातलं काही बोलू नकोस, ते अजून 'चार दिसाचं जनावर' म्हणतात. पण विहिरीच्या कडेला त्यांनी लसूणघास पेरला आहे. घोड्याला फार मानवतो, असं डॉक्टरांना जाऊन विचारून आले, मला न सांगता. आणि तुला शेतीतलं कळत नाही म्हणून सांगते, घास एकदा पेरला की वर्षानुवर्षं कापायचा असतो.

ता. क. तिसरा. मुलांना काल सांगितलं की मामा घोडीबाईला न्यायला येणार आहे. मला वाटलं, आता रडारड. तर आरोही म्हणाली, 'जाऊ द्या की. कुठं बी नेली तरी रातच्याला ती मायकडं जाईलच. मग सकाळी हितं येईल.' सगळ्यांना पटलं, आणि ती खेळायला पळाली. मुलांना काळजीच नाही, अजिनाथ. काळजी मला आहे. कारण रोज उजाडताना ते उसाचं वाढं दावणीत मी ठेवते. पहिल्या दिवसापासून एक दिवस चुकवलेला नाही. तू बिजलीला नेलीस तर सकाळी पोरं धावत येतील, आणि मी ते पान हातात घेऊन रिकाम्या दावणीपुढे उभी राहीन.

ता. क. शेवटचा. लाकडाची घोडी आता पाठवू नकोस, आभाळ झालं. आणि उत्तर द्यायचं ते कागदावर लिहून दे, फोन करू नकोस. फोनवर तू 'ठेव' म्हणालास, तर घोडी ठेव म्हणतोस की फोन ठेव, हे मला कळायचं नाही. मी आपली घोडीच ठेवीन.